एकही पुल-अप येत नाही, तरी नाव दिलंय

प्रश्न : वय ३६, आयटीत नोकरी. ऑफिसमधल्या चौघांच्या नादाला लागून डिसेंबरातल्या ५ किलोमीटर, १५ अडथळ्यांच्या शर्यतीत नाव दिलं. हातात दहा आठवडे आहेत. तीन किलोमीटर थांबत थांबत पळते. पुल-अप एकही येत नाही, बारला लटकले तर दहा सेकंदांत हात सुटतात. पोहता येत नाही, चष्मा आहे. हातांनी लटकत ओलांडायचे मंकी बार आणि बर्फाच्या पाण्याचे व्हिडिओ पाहून झोप उडाली आहे. फी बुडाली तर बुडू दे, नाव मागे घेऊ का? शिवाय सासूबाई विचारतात, पैसे देऊन चिखलात कशाला लोळायचं?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर :

नाव मागे घेऊ नका. थांबत थांबत का होईना, तीन किलोमीटर पळणाऱ्या माणसाला दहा आठवड्यांत या शर्यतीपुरतं तयार होता येतं. पुल-अपची काळजी तर सोडूनच द्या. पहिल्या शर्यतीत पुल-अप जवळजवळ कुठेच लागत नाही. तुमच्या पत्रातला खरा काळजीचा आकडा दहा सेकंदांचा आहे.

पंधरापैकी पाच-सहा अडथळे बोटांवर चालतात. मंकी बार, लोंबत्या रिंगा, दोर, जाळी, शिवाय वाळूची पिशवी किंवा बादली घेऊन चालणं. नवख्या माणसाचा दम अडथळ्यांच्या रांगेत उभं राहिल्यावर परत येतो, पण गेलेली पकड त्या दिवशी पुरती परत येत नाही. मंकी बार पार करायला साधारण वीस सेकंद लागतात. ओल्या हातांनी आणि थकल्यावर तुमची लटकण्याची वेळ निम्म्यावर येते असं धरा. म्हणजे ताज्या, कोरड्या हातांनी चाळीस सेकंद लटकता आलं पाहिजे. सगळी तयारी या एका आकड्याभोवती लावा.

घराजवळच्या बागेतल्या ओपन जिमचा बार पुरतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. प्रत्येक वेळी पाचदा लटकायचं, मध्ये मिनिटभर विश्रांती. हात सुटेपर्यंत लटकू नका, सुटायच्या दोन सेकंद आधी पाय टेका. म्हणजे पहिल्या आठवड्यात आठ सेकंदच. पुढे दर आठवड्याला तीन-चार सेकंद वाढवा. अंगठा बारच्या खालून गुंडाळलेला हवा आणि खांदे कानांपासून खाली ओढलेले. खांदे सैल सोडून नुसतं लोंबलं की भार सांध्यावर येतो. चौथ्या आठवड्यापासून शेवटच्या दोन खेपांना हात पाण्यात बुडवून लटका. सहाव्यापासून बारवर जाड टॉवेल टाकून त्याची दोन टोकं धरा. हे फार कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच बहुतेक लोक ते करत नाहीत.

इथे घाई अंगलट येते. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश तयार होतात. कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागला तर लटकणं आठवडाभर बंद, पळणं चालू. आधी कधी खांदा निखळला असेल तर मंकी बार आणि रिंगा वगळायच्या, त्यात कमीपणा नाही.

पकडीचा दुसरा व्यायाम स्वयंपाकघरात सापडेल. दहा लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरा, म्हणजे प्रत्येक हातात दहा किलो. पाठ ताठ ठेवून चाळीस पावलं, पाच वेळा. चौथ्या आठवड्यापासून तांदळाच्या जुन्या पिशवीत, आत दोन प्लॅस्टिकचे थर घालून, पंधरा किलो वाळू भरा. ती पोटाशी कवटाळून किंवा एका खांद्यावर घेऊन जिना चढा. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पळण्याचं तुलनेनं सोपं आहे. आठवड्यातून तीन दिवस. पहिले तीन आठवडे दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, एकूण पंचवीस मिनिटं. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पाच मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, पस्तीस मिनिटांपर्यंत. त्यातला एक दिवस डांबर सोडून तळजाईसारख्या टेकडीच्या मातीवर पळा. घोट्याला उंचसखल जमिनीची सवय लागणं हे वेगापेक्षा महत्त्वाचं आहे. पर्वती तुम्हाला जवळच आहे. तिच्या १०३ पायऱ्या चढून उतरायच्या, आधी तीन फेऱ्या, मग हळूहळू सहा. उतरताना पाय आपटू नका.

सातव्या आठवड्यापासून रविवारी खरी तालीम. पाच-सहा किलोमीटर पळताना दर पाचशे मीटरवर थांबून काहीतरी करायचं. कधी पंधरा बैठका, कधी पाच बर्पी (खाली बसून पाय मागे फेकायचे, छाती टेकायची, उठून उडी मारायची), कधी गवतावर वीस मीटर रांगणं, बार दिसला तर लटकणं. आणि थांबून धाप टाकत बसायचं नाही, लगेच पुढे पळायला लागायचं. बैठका मारल्यावर पहिली शंभर पावलं पाय लाकडाचे होतात, ते शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये. नवव्या आठवड्याचा रविवार सर्वांत मोठा. दहाव्या आठवड्यात सगळं निम्मं, आणि शर्यतीआधीचे शेवटचे चार दिवस लटकणं पूर्ण बंद. तळहाताला घट्टे पडले असतील तर आदल्या आठवड्यात कानशीनं घासून सपाट करा. उंच राहिलेला घट्टा बारवर चिमटून मुळासकट निघतो.

आता अडथळे. इथे ताकदीपेक्षा युक्ती मोठी आहे, आणि युक्ती म्हणजे बहुतेक वेळा हातांचं काम पायांवर ढकलणं.

भिंत सहा फुटांची असेल तर थोडं पळत या, एक पाय भिंतीवर कमरेच्या उंचीला रोवा आणि त्या रेट्यानं वर जाऊन दोन्ही हातांनी कड धरा. मग एक कोपर वरून अडकवा, नंतर त्याच बाजूच्या पायाची टाच. कोपर आणि टाच अडकली की बाकीचं अंग आपोआप वर येतं. वर गेल्यावर भिंतीवर पोट टेकून सपाट राहा. घोड्यावर बसल्यासारखं ताठ बसलात की तोल जातो. उतरताना वरून उडी मारायची नाही. हातांनी कड धरून पलीकडे लोंबकळा आणि मग गुडघे सैल ठेवून सोडा. तुमची उंची आणि लांबवलेले हात मिळून पडण्याचं अंतर जवळजवळ उरतच नाही, आठ फुटांच्या भिंतीलाही ते एखाद-दोन फुटांवर येतं. या शर्यतींत मुरगळणारे घोटे बरेचसे अशा उतरण्यातच मुरगळतात.

आठ फुटांच्या भिंतीला मदत घ्या, बहुतेक हौशी शर्यतींत ती चालते. मदतनीस भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून बसतो. त्याच्या मांडीवर पाय द्यायचा तो जांघेजवळ, गुडघ्यावर नव्हे. पाठीवर चढायची वेळ आलीच तर खांद्यावर पाय द्या, मणक्यावर नको. चौघांसमोर एकदा सराव करून बघा, पण सोसायटीच्या कंपाउंडवर काचा लावलेल्या नाहीत याची आधी खात्री करा.

मंकी बारवर थांबणं म्हणजे हरणं. दोन्ही हात एका बारवर आणून विसावा घ्यायचा मोह होतो, पण त्यात झोका मरतो आणि पुढचा प्रत्येक बार स्वतःच्या ताकदीवर गाठावा लागतो. कमरेतून झोका घ्या, झोका पुढे गेला की पुढचा हात टाका, एकामागून एक. नजर पुढच्या बारवर, पायांवर नाही. अडथळ्याच्या पन्नास मीटर आधीच पळणं थांबवून चाला, हात खाली सोडून झटका आणि श्वास जागेवर येऊ द्या. हात चिखलानं बरबटलेले असतील तर कोरड्या मातीत घासा आणि मग कपड्याच्या कोरड्या भागाला पुसा, काखेखालचा भाग बऱ्याचदा कोरडा असतो. खाली पाणी असेल तर पडायची भीती थोडी कमी, पण तरी पाय खाली ठेवूनच पडा.

दोर हा आपल्याकडे परका विषय नाही. दोरीच्या मल्लखांबात पोरं पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोर पकडून वर सरकतात. बूट घातल्यावर तेच काम दोन्ही पावलांनी करायचं. दोर उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगानं खाली येऊ द्या. डाव्या पावलानं तो उजव्या बुटाच्या तळाखालून उचलून बुटाच्या वर आणा आणि डाव्या बुटानं दाबून धरा. दोराचा आकडा तयार होतो आणि त्यावर चक्क उभं राहता येतं. मग गुडघे छातीशी ओढा, पुन्हा आकडा घाला, उभ्या राहा, हात वर सरकवा. तीन-चार खेपांत पंधरा फूट होतात. उतरताना घसरू नका. ओल्या दोरानंही तळहात आणि पोटऱ्या सोलवटतात. हे वाचून येणारं काम नाही. पुण्यात मल्लखांबाचे वर्ग आहेत, तिथे विचारून दोन-तीन शनिवार जा. आकडा साधला नाही तर शर्यतीत दोर सोडून द्या. उरलेल्या अडथळ्यांसाठी पकड वाचेल.

सोडल्यावर काय होतं हे मात्र आधी वाचून ठेवा. काही शर्यतींत बाजूनं जाता येतं, काही ठिकाणी दंड असतो. स्पार्टन रेस या अडथळ्यांच्या नामांकित शर्यतीत वर्षानुवर्षं एका चुकलेल्या अडथळ्याला तीस बर्पी हा दंड होता. तीस बर्पींनंतर पुढच्या किलोमीटरची काय अवस्था होते ते घरी एकदा करून बघा, म्हणजे कुठला अडथळा सोडायचा याचा हिशेब डोक्यात पक्का होईल.

जाळी चढताना मधून जाऊ नका, खांबाजवळच्या कडेनं चढा. तिथे ती ताणलेली असते, मध्ये झोळीसारखी हलते. हात उभ्या दोरांवर ठेवा. आडव्यावर ठेवलात तर वरच्याचा बूट तुमच्या बोटांवर पडेल. काटेरी तारांखाली कोपर आणि गुडघ्यांवर, कंबर खाली ठेवून सरका. जमीन खडेमुक्त असेल तर आडवं लोळत जाणं जास्त सोपं, फक्त मधे एकदा थांबून दिशा बघा, कारण गरगरतं. केस उंच पोनीत बांधू नका, तारेत अडकतात. मानेजवळ खाली घट्ट वेणी घाला. टायर उलटवताना हात वाकवून ओढू नका, दंडाचा स्नायू त्यातच फाटतो. हात सरळ, छाती टायरला लावलेली, आणि रेटा पायांनी. जमलं नाही तर शेजारच्याला हाक मारा.

बर्फाच्या पाण्याबद्दल. थंड पाण्यात शिरताच माणूस नकळत एक मोठा श्वास ओढतो आणि पुढचं मिनिटभर श्वास भरभर चालतो. त्या पहिल्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असणं हा खरा धोका. म्हणून उडी मारायची नाही. कडेला बसा, पाय आत सोडा, श्वास बाहेर टाकत टाकत उतरा. आत गेल्यावर फुंकर मारल्यासारखा लांब श्वास सोडत चालत राहा. घरी आंघोळीच्या शेवटी तीस सेकंद गार पाणी अंगावर घेत जा, झटका जरा ओळखीचा होतो. दमा, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा अडथळा करू नका. पोहता येत नाही, तेव्हा पाण्याच्या प्रत्येक अडथळ्याशी उभ्या असलेल्या मार्शलला, म्हणजे आयोजकांच्या माणसाला, खोली विचारा. पाणी छातीच्या वर असेल किंवा डोकं बुडवून पलीकडे जायचं असेल तर बाजूनं जा. इथे हट्ट नको.

बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या. तळाला चार-पाच मिलिमीटरचे दात असलेले, जाळीदार कापडाचे ट्रेल रनिंगचे, म्हणजे कच्च्या वाटेवर पळायचे. वॉटरप्रूफ बूट या कामाचे नाहीत, आत शिरलेलं पाणी त्यांतून बाहेर जात नाही. किमान पन्नास किलोमीटर पायाखाली गेलेले असावेत. लेसची दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा. मोजे आणि कपडे सुती नकोत. सुती टी-शर्ट चिखल-पाणी पिऊन जड होतो आणि अंगाला घासतो. पोटरी झाकणारी घट्ट टाइट्स आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट, बस. हातमोजे बरेच जण घालतात, पण भिजल्यावर साधे हातमोजे बारवर फिरतात, त्यापेक्षा उघडे हात बरे. अंगठी, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, घड्याळ सगळं घरी. अंगठी बारवर अडकून बोटाची कातडी सोलून निघाल्याची उदाहरणं आहेत. निघत नाही म्हणून राहू देऊ नका, आदल्या दिवशी साबण लावून काढा. नखं कापा.

चष्मा मागून इलॅस्टिकच्या पट्ट्यानं बांधा. कॉन्टॅक्ट लेन्स शक्यतो नकोच. चिखलाच्या पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून बुबुळाला इजा करतात. घालायच्याच असतील तर एका दिवसाच्या घाला आणि संपल्याबरोबर फेकून द्या. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड भिजून फुगतं, ते निरुपयोगी. कप किंवा टॅम्पून वापरायचं असेल तर आधीच्या दोन पाळ्यांत वापरून बघा, शर्यतीच्या सकाळी पहिला प्रयोग करू नका.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. आदल्या रात्री वरणभात, साधी भाजी. उसळ, मिसळ, नवं हॉटेल नको. सकाळी अडीच-तीन तास आधी एक बशी पोहे आणि एक केळं, दोन तास आधीपर्यंत अर्धा लिटर पाणी घोट घोट. रोज चहा पीत असाल तर प्या. पाच किलोमीटरला रांगा धरून एक ते दीड तास लागेल, तेवढ्यात मध्ये काही खायची गरज नाही.

बॅच निवडायला मिळाली तर सकाळची सर्वांत लवकरची घ्या. बार कोरडे असतात, रांगा कमी असतात आणि भिंतीखालची माती अजून दलदल झालेली नसते. सुरुवातीला ढोल, डीजे, आरडाओरडा असतो आणि सगळे सुसाट सुटतात. तुम्ही पहिला किलोमीटर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच हळू पळा. सुसाट सुटलेले तिसऱ्या अडथळ्याच्या रांगेत भेटतातच.

तोंड मात्र चिखलात गच्च बंद. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेव्हाडात गुरांच्या कुरणावर झालेल्या अशाच शर्यतीनंतर लोकांना जुलाबाची लागण झाली, कारण विष्ठा मिसळलेलं चिखलपाणी पोटात गेलं होतं. २००० साली बोर्निओतल्या साहसी शर्यतीत स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे जनावरांच्या मूत्रानं दूषित पाण्या-मातीतून होणारा ताप, झाला होता. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा, पाच वर्षांहून जुनं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. आधीच्या जखमा झाकून जा. संपल्यावर स्वच्छ पाणी आणि साबणानं अंग धुवा, खरचटलेल्या जागी अडकलेली माती काढा. नंतरच्या महिनाभरात ताप आणि पोटऱ्यांत दुखणं आलं तर डॉक्टरांना चिखलात उतरल्याचं आवर्जून सांगा. दोन-तीन दिवस अंग ठेचल्यासारखं दुखेल, ते ठीक. पण लघवी कोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फाटून त्यांतलं प्रथिन मूत्रपिंडांवर आल्याची ती खूण असते.

सासूबाईंना सांगा की आपल्या तालमीतले पैलवान पिढ्यानपिढ्या लाल मातीत लोळत आलेत आणि कोणी त्यांना कारण विचारलं नाही. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पाच प्रकारांच्या आधुनिक पेंटॅथलॉनमधून घोडा गेलाय, त्याच्या जागी अडथळ्यांचीच धाव आली आहे. एवढ्यानंही पटलं नाही तर त्यांचा खरा आक्षेप बहुधा धुण्याबद्दल असेल, आणि तो रास्त आहे. चिखलाचे कपडे थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, गाळानं फिल्टर तुंबतो. मैदानावरच ते पिळून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, घरी आल्यावर आधी बादलीत पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. बुटांचा आतला तळ काढून वेगळा धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी बोळे बदला. उन्हात वाळवलेत तर डिंक सुटतो.